मत्स्याहार, वृक्कविकारातील
वृक्कांचे (मूत्रपिंडांचे) कार्य मंदावलेल्या रुग्णाने घ्यावयाचा मासळीचा आहार. या विकारात प्रथिनांपासून बनणारा यूरिया, तसेच फॉस्फरस, पोटॅशियम व सोडियम यांचे उत्सर्जन अपुरे पडते. तथापि त्यासाठी मासळी सरसकट वर्ज्य करणे युक्त नव्हे; प्रश्न प्रमाणाचा व पाककृतीचा असतो. अपोहन (कृत्रिम रक्तशुद्धी) चालू नसलेल्या रुग्णास शरीराच्या दर किग्रॅ. वजनामागे रोज सु. ०·६ ते ०·८ ग्रॅ. प्रथिने पुरतात, म्हणजे ५० किग्रॅ. वजनास ३० ते ४० ग्रॅ. पैकी सु. १० ग्रॅ. ५०-६० ग्रॅ. मासळीतून मिळतात व ती उच्च प्रतीची असतात. अपोहन सुरू झाल्यावर प्रथिनांची गरज उलट वाढते.

कोल्हापुरात गोड्या पाण्यातील रोहू, कटला, मरळ आणि कोकणातून घाटमार्गे येणारे बांगडा, सुरमई हे मासे खाल्ले जातात. ताज्या मासळीत सोडियम बेताचेच असते. अपाय होतो तो खारवलेल्या बांगड्याने, सुकटीने व चटणी-मिठाच्या रश्श्याने. शिजताना माशातील पोटॅशियमचा काही अंशही रश्श्यात उतरतो; म्हणून तुकडी खावी व रस्सा टाळावा. कोल्हापूरकरास हेच पथ्य सर्वांत जड जाते. मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइडयुक्त मीठ वापरणे अधिकच धोक्याचे. बारीक मासे काट्यांसह खाल्ल्यास फॉस्फरस वाढतो.

रोहू, कटला इ. माशांचे पित्ताशय औषध म्हणून कच्चे गिळल्याने निरोगी व्यक्तीचीही वृक्के एकाएकी निकामी झाल्याची उदाहरणे भारतात नोंदली गेली आहेत. मासा साफ करताना ते न फोडता काढून टाकतात.