विहिरीतला पाहुणा नदीत नको

गिरगावातून एका आजोबांचं पत्र आलंय. चाळ पुनर्विकासाला निघाली, विहीर बुजणार. तिच्यातले गप्पी मासे बाटलीत भरून गणपतीला गावी न्यायचे आणि राजापूरच्या अर्जुना नदीत सोडायचे, असा नातवाचा हट्ट. ‘पुण्याचंच काम ना?’ आजोबा विचारतात.

नातवाची माया खरी, पण उत्तर ‘नको’ असंच आहे.

हिवतापाचा डास ॲनॉफिलिस स्टिफेन्सी मुंबईच्या विहिरींत वाढतो, यावर डॉ. बेंटलींनी हिवतापावरच्या १९११च्या अहवालात बोट ठेवलं. विहिरी बुजवा म्हटल्यावर गहजब झाला, कारण धर्मकृत्यांना विहिरीचंच पाणी हवं! उघड्या राहिलेल्या विहिरींत अळ्या खाणारे मासे आले, त्यांतलाच हा गप्पी.

गप्पी मूळचा त्रिनिदाद-व्हेनेझुएलाकडचा. त्याच्या बारशाची गंमत ऐका. त्रिनिदादच्या गप्पीसाहेबांनी तो लंडनला पाठवला, १८६६मध्ये तिथले प्राणिशास्त्रज्ञ गुंथर यांनी त्याला साहेबांचं नाव दिलं. पण पेटर्स नावाचे जर्मन शास्त्रज्ञ १८५९मध्येच त्याचं नामकरण करून मोकळे झाले होते! शास्त्रीय नाव हुकलं, आडनाव मात्र माशाला कायमचं चिकटलं.

गप्पीची मादी थेट पिल्लंच देते आणि नराचे शुक्राणू कित्येक महिने पोटात जपते. म्हणजे बाटलीत एकच मादी असली तरी नदीत अख्खी वाडी वसू शकते. विहिरीला कठडा असतो, नदीला नसतो. हल्ली तांब्याभर पाण्यातल्या डीएनएवरून नदीत कोणते मासे आहेत याचा माग लागतो. पण माग लागला म्हणून बोटाच्या पेराएवढा मासा नदीतून वेचून काढता येत नाही.

बरं, माशांमुळे हिवतापाचे रुग्ण घटतात का? वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या ‘कॉक्रेन’ संस्थेच्या २०१७च्या आढाव्याला त्याचा भरवशाचा पुरावा सापडला नाही. अळ्या कमी होतात, एवढंच म्हणता येतं.

मला रुखरुख वेगळीच. १९१२मध्ये कलकत्त्याच्या इंडियन म्युझियमने सेवेल आणि बी. एल. चौधरी यांची पुस्तिका काढली, डासांच्या अळ्या फस्त करणाऱ्या देशी माशांवर. डोक्यावर चांदीची टिकली मिरवणारा पँचॅक्स तिच्यात आहे. घरचे पंगतीला बसलेले असताना आपण पाहुण्यालाच आग्रह करत राहिलो. चौधरींचं नाव आज कोण घेतं?

तेव्हा आजोबा, मासे पालिकेच्या कीटकनाशक विभागाला विचारून दुसऱ्या बंदिस्त विहिरीत द्या. चार नातवाच्या बरणीत राहू देत, फक्त ती गटारात रिकामी करू नका. आणि गावी गेलात की नदीकाठच्या संथ पाण्यात डोकावा. टिकलीवाला दिसला, तर नातवाला सांगा, हा इथलाच.