वाळूचं घड्याळ आणि लाल मणी

दाईला साठपर्यंत मोजता येत नव्हतं, आणि न्युमोनिया ओळखायला नेमकं तेवढंच लागत होतं. दोन महिन्यांच्या आतलं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त श्वास घेत असेल, तर धोका. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेपुढे १९८०च्या दशकाच्या अखेरीस ही अडचण उभी राहिली. त्यावर तोडगा निघाला मण्यांचा. एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मण्याची पाळी आली, तर औषध सुरू. थोड्या मोठ्या मुलांसाठी मण्यांची वेगळी ओळ. दाईला दहापर्यंत येतं ना, मग तेवढ्यावर भागवू, हे कुणाला तरी सुचलं, याचं मला फार कौतुक वाटतं.

पुढचा प्रश्न नवजात बाळांचा होता. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या ७६३ बाळांवर घरोघरी जाऊन लक्ष ठेवलं गेलं. निम्म्याहून अधिक बाळांना उपचारांची गरज होती. डॉक्टरपर्यंत पोचली शंभरात तीनसुद्धा नाहीत, आणि दवाखान्यात भरती झाली हजारात चार. पावसाळ्यात नाल्यांना पूर, गाडीभाड्याला पैसे नाहीत, शिवाय ओली बाळंतीण घराबाहेर काढायची कशी? दवाखाना होता, पण तो या बाळांसाठी नव्हताच म्हणा ना.

मग गावातलीच, थोडंफार शिकलेली बाई ‘आरोग्यदूत’ झाली. बाळंतपणाला ती दाईसोबत हजर राहायची. न रडलेल्या बाळाला फुगा-मास्कनं श्वास द्यायची, वजन करायची, गारठलेल्या बाळाला उबदार पिशवीत ठेवायची. पुन्हा पुन्हा घरी जाऊन बघायची: दूध ओढतंय का, रडणं क्षीण झालंय का, छाती आत खेचली जातेय का. जंतुसंसर्गाची लक्षणं दिसली आणि आईबापांनी दवाखान्यात न्यायला नकार दिला, तर त्यांच्या संमतीनं जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि सोबत पातळ औषध. इंजेक्शनवरून भुवया उंचावणारच होत्या. पण जंतुसंसर्ग झालेल्या बाळांपैकी आधी शेकडा १६.६ दगावत, ते प्रमाण २.८वर आलं. हजार जन्मांमागे ६२ नवजात मृत्यू होत, ते १९९७-९८ पर्यंत २५वर उतरले. तुलनेसाठी घेतलेल्या गावांत आकडा होता तिथंच राहिला. हे सगळं डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. खर्च बाळामागे साधारण सव्वापाच डॉलर.

घरी सगळंच होतं असं मात्र कुणी समजू नये. बाळंतिणीचा रक्तस्राव थांबत नसेल तर रक्त लागतं, शस्त्रक्रिया लागते. तिथं गाडीच हवी, आणि तीही वेळेवर.

२०११ मध्ये केंद्र सरकारनं ही पद्धत देशभर नेली. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे आशाताई (सरकारी योजनेतली गावची आरोग्य कार्यकर्ती) तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्यापर्यंत सहा वेळा जाते. घरी बाळंतपण झालं असेल तर पहिल्या दिवशीही. या सगळ्या फेऱ्यांचे मिळून अडीचशे रुपये ठरले. (सगळ्या फेऱ्यांचे हं, एका फेरीचे नव्हेत.) तिच्या पिशवीत वजनकाटा आला, तापमापक आला. इंजेक्शन आलं नाही. त्याची परवानगी २०१४ मध्ये मिळाली ती नर्सबाईला, आणि नर्सबाई बसते उपकेंद्रात, नाल्याच्या पलीकडच्या गावी.