राफेल : आपल्या हवाई दलास कितपत सोयीचे?

वाचकहो, लेहच्या विमानतळावर आपण कधी उतरला असाल, तर एक गोष्ट आपल्या ध्यानात आली असेल. तेथली प्रवासी विमाने बहुधा सकाळीच येतात आणि सकाळीच परत फिरतात. दुपार चढली, ऊन तापले, खोऱ्यातून वारे सुटले, म्हणजे भरलेले विमान त्या धावपट्टीवरून उचलणे जिकिरीचे होते. ही धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे ३२५० मीटर उंच आहे. तेथील हवा इतकी विरळ की, तिची घनता समुद्रकाठच्या हवेच्या तीन-चतुर्थांशही भरत नाही. विमानाचे पंख उचलले जातात ते हवेच्या आधाराने, आणि इंजिन चालते तेही हवा ओढूनच. पंखांस नेहमीइतका आधार मिळवावयाचा, तर जमिनीवरचा वेग सुमारे सहाव्या हिश्श्याने वाढवावा लागतो. आणि हा वाढीव वेग मागावयाचा तो अशा इंजिनाकडे, ज्याची शक्ती नेमकी त्याच जागी घटलेली असते!

याच लेहमध्ये २४ मे १९४८ रोजी एअर कमोडोर मेहरसिंग यांनी आपले डाकोटा विमान उतरविले. सिंधूच्या काठी घाईघाईने आखलेली पट्टी, वाटेत हिमालयाच्या रांगा, विमानात आतील हवेचा दाब राखण्याची कसलीही सोय नाही, आणि सोबतीस प्रवासी म्हणून मेजर जनरल थिमय्या. हे विमान मुळात मालवाहतुकीचे होते. कोणत्याही कारखान्याने ते लडाखसाठी बांधलेले नव्हते. ते तेथे उतरले ते वैमानिकाच्या हिमतीवर. परंतु हिमतीचा भरवसा धरून कोणी हवाई दलाची खरेदी करीत नाही. खरेदी करावयाची तर विमान आधी लेहला नेऊन पाहिले पाहिजे, आणि आपल्या हवाई दलाने नेमके तेच केले.

ऑगस्ट २००७ मध्ये भारताने १२६ बहुपयोगी लढाऊ विमानांसाठी निविदा मागविल्या. सहा विमाने स्पर्धेत उतरली : अमेरिकेची एफ-१६ व एफ-१८ सुपर हॉर्नेट, रशियाचे मिग-३५, स्वीडनचे ग्रिपेन, चार युरोपीय राष्ट्रांनी मिळून घडविलेले टायफून, आणि फ्रान्सचे राफेल. त्यांच्या चाचण्यांसाठी निवडलेली ठिकाणे पाहा. बंगळूरची दमट हवा, जैसलमेरचे तापलेले वाळवंट आणि लेहची उंची. एकाच देशात ही तिन्ही हवामाने, आणि एकाच विमानाने तिन्ही ठिकाणी चालले पाहिजे, ही अट. सहाशेहून अधिक बाबी तपासून एप्रिल २०११ मध्ये टायफून व राफेल ही दोनच विमाने यादीत ठेवण्यात आली. आणि जानेवारी २०१२ मध्ये, किमतीचा हिशेब होऊन, राफेल पुढे आले.

या विमानाविषयी वृत्तपत्रांतून जे वर्णन येते त्यात बहुधा वेगाचा आकडा ठळक असतो. तो आकडा ध्वनिवेगाच्या १.८ पट आहे, आणि खरे सांगावयाचे तर त्यात विशेष काही नाही. आपले जुने मिग-२१ याहून वेगाने धावत असे. राफेलचे वैशिष्ट्य दुसरीकडे आहे. हे विमान रिकामे असता सुमारे १० टन वजनाचे असते आणि पंखांखाली व पोटाखाली ९.५ टनांपर्यंत भार वाहते. म्हणजे स्वतःच्या वजनाइतकेच ओझे! त्याच्या त्रिकोणी पंखांच्या पुढे, वैमानिकाच्या बैठकीच्या किंचित मागे, दोन छोटे हलते पंख आहेत. नुसत्या त्रिकोणी पंखाचे विमान उतरताना वेग कमी करावयास नाखूश असते. हे छोटे पंख त्याची ती खोड मोडतात. इंजिने दोन आहेत. बर्फाच्छादित शिखरांवरून जाताना एक बंद पडले तरी दुसरे घरी आणील, ही गोष्ट वैमानिकास केवढी मोलाची वाटत असेल, हे त्याच्या घरच्या माणसांना सांगावयास नको.

आता 'बहुपयोगी' या शब्दाकडे वळू. १९६५ च्या युद्धात आपल्याकडे नॅट होते ते शत्रूच्या विमानांशी झुंजण्यास, हंटर होते ते मुख्यतः जमिनीवरील लक्ष्यांवर तुटून पडण्यास, आणि कॅनबेरा होते ते रात्री दूरवर बॉम्ब टाकण्यास. जशी कामगिरी तसे विमान निघे. बहुपयोगी विमानाची कल्पना अशी की, एकाच उड्डाणात एकाच वैमानिकाने वाटेत आडव्या आलेल्या विमानाशी सामना करावा, ठरलेल्या लक्ष्यावर मारा करावा, आणि परतताना टेहळणीही करावी. कागदावर हे सोपे दिसते. प्रत्यक्षात अडचण यंत्राची नसून माणसाची असते. रडार काही दाखविते, उष्णता टिपणारे उपकरण वेगळे काही सांगते, शत्रूच्या रडारची चाहूल देणारी यंत्रणा तिसरेच सुचविते. आणि हे सारे जुळवून निर्णय करावयाचा तो एकट्या माणसाने, काही क्षणांत. राफेलमधील संगणक ही सर्व माहिती आधीच जुळवून वैमानिकापुढे एकच चित्र मांडतो. माझ्या मते या विमानाची खरी किंमत या एका सोयीत आहे. बाकीच्या गोष्टी थोड्याफार फरकाने इतर विमानांतही सापडतात.

शस्त्रांविषयी थोडक्यात सांगतो. त्याचे मिटिअर क्षेपणास्त्र शंभर किलोमीटरहून दूरच्या विमानाचा वेध घेऊ शकते, आणि स्काल्प हे जमिनीवर मारा करणारे क्षेपणास्त्र शेकडो किलोमीटर दूरवरून सोडता येते. सीमा न ओलांडता काम साधणे आजच्या काळात किती महत्त्वाचे झाले आहे, हे वाचकांस ठाऊकच आहे.

फ्रेंच विमान आपल्या वैमानिकांस नवखे नव्हते. १९५३ मध्ये आलेले 'तूफानी', १९५७ मधील मिस्टेर आणि १९८५ पासूनचे मिराज-२००० ही तिन्ही राफेल बनविणाऱ्या दासो या कारखान्याचीच. १९९९ च्या कारगिल संघर्षात मिराजने टायगर हिलवर लेझरच्या साहाय्याने अचूक बॉम्ब टाकले. परंतु त्याआधी आपल्या तंत्रज्ञांना ते बॉम्ब व ती उपकरणे घाईने विमानास जुळवून घ्यावी लागली होती. विरळ हवेत बॉम्बची वाट बदलते, नेहमीचे हिशेब तेथे चुकतात, हा धडा त्या उन्हाळ्यात शिकावयास मिळाला.

तथापि १२६ विमानांचा तो सौदा पुरा झाला नाही. त्यांपैकी १८ तयार यावयाची होती व १०८ भारतात बनावयाची होती. भारतात बनलेल्या विमानांची हमी कोणी घ्यावी, त्यास श्रम किती लागतील, यांवर घोडे अडले. अखेर एप्रिल २०१५ मध्ये ३६ विमाने तयार स्थितीत घेण्याचे जाहीर झाले आणि २३ सप्टेंबर २०१६ रोजी सुमारे ७.८७ अब्ज युरोंचा करार झाला. या किमतीवरून संसदेत आणि सर्वोच्च न्यायालयात जे वादळ उठले, त्यात शिरण्याचे हे स्थळ नव्हे. आपल्याला येथे पाहावयाचे आहे ते एवढेच, की त्या पैशात काय काय आले. केवळ विमाने आली नाहीत. शस्त्रे, सुटे भाग, वैमानिक व तंत्रज्ञ यांचे शिक्षण, दोन तळांवरील सोयी, आणि खास भारतासाठी केलेले काही बदल, असे ते सारे गाठोडे होते. या बदलांत एक बाब अशी होती की, उंचावरील थंड तळावर इंजिन निर्वेधपणे सुरू झाले पाहिजे. लेहमध्ये हिवाळ्याच्या रात्री पारा शून्याखाली वीस अंशांपर्यंत उतरतो. तेल घट्ट होते, विद्युत्घटांची शक्ती मंदावते. फ्रान्सच्या कोणत्याही तळाला ही काळजी नाही; म्हणून ती मागणी आपणच करावयास हवी होती.

करारातील आणखी एक कलम मला या सर्वांहून शहाणपणाचे वाटते, जरी त्याची चर्चा फारशी झाली नाही. विमानांपैकी किमान ७५ टक्के कोणत्याही वेळी उड्डाणास सज्ज राहतील अशी सोय राखण्याची जबाबदारी पहिली काही वर्षे विकणाऱ्यावरच टाकण्यात आली. ३६ पैकी २७. कोठारात सुट्या भागाची वाट पाहत उभे असलेले विमान शत्रूस भिववीत नाही. आपल्याकडे पूर्वी काही जातींच्या विमानांना असे दिवस दीर्घकाळ काढावे लागले आहेत, आणि त्यांच्यापाशी रात्रंदिवस खपणाऱ्या जमिनीवरील तंत्रज्ञांना त्याचा जो मनस्ताप होतो, तो त्यांच्या घरीही पोचत असतो.

पहिली पाच राफेल २९ जुलै २०२० रोजी अंबाल्यास उतरली. फ्रान्सहून निघून, आकाशातच इंधन भरून घेत, संयुक्त अरब अमिरातीत एक मुक्काम करून, सुमारे ८५०० किलोमीटरांचा पल्ला त्यांनी गाठला होता. १७ व्या 'गोल्डन ॲरोज' स्क्वाड्रनचे ठाणे अंबाला, आणि १०१ व्या स्क्वाड्रनचे उत्तर बंगालमधील हाशिमारा. नकाशा उघडून ही दोन गावे पाहा, म्हणजे एक पश्चिमेकडे तर दुसरे पूर्वेकडे लक्ष ठेवण्यास का निवडले ते कळेल. डिसेंबर २०२२ पर्यंत सर्व ३६ विमाने आली. ज्या उन्हाळ्यात पहिली विमाने आली, त्याच उन्हाळ्यात लडाखच्या सीमेवर सैन्ये समोरासमोर उभी होती.

मग हे विमान आपल्या हवाई दलास सोयीचे आहे काय? भूमी आणि कामगिरी यांच्या दृष्टीने पाहिले तर माझे उत्तर निःशंकपणे होकारार्थी आहे. परंतु विमान भूमीवरच चालत नाही, ते कोठारावर आणि तिजोरीवरही चालते. आजमितीस आपले हवाई दल सुखोई-३०, मिराज-२०००, मिग-२९, जग्वार, तेजस आणि राफेल अशी सहा जातींची लढाऊ विमाने बाळगून आहे. प्रत्येकाचे सुटे भाग वेगळे, हत्यारे वेगळी, शिक्षण वेगळे. एका जातीची दोनच स्क्वाड्रन ठेवणे म्हणजे दोन माणसांसाठी निराळी चूल मांडण्यासारखे आहे. स्वयंपाक कितीही रुचकर असला तरी सरपण दुप्पट लागते. आणि मंजूर संख्या ४२ स्क्वाड्रनांची असताना, २६ सप्टेंबर २०२५ रोजी चंडीगडला मिग-२१ ला निरोप दिल्यानंतर प्रत्यक्षात उरली ती २९ च्या आसपास. ज्या मिग-२१ साठी नाशिकजवळ ओझर येथे साठच्या दशकात कारखाना उभारला गेला, तेथून ऑक्टोबर २०२५ मध्ये तेथेच जुळविलेले पहिले तेजस मार्क-१ए उडाले. संख्येची तूट भरून निघावयाची तर ती मुख्यतः अशाच विमानांनी. उंची विमान थोडे आणि साधे विमान पुष्कळ, हा जुना हिशेब अजून चुकलेला नाही. मात्र तेजसचे इंजिन अद्याप अमेरिकेहून येते आणि ते वेळेवर न आल्याने विमाने रखडली, हेही येथे नमूद केले पाहिजे.

मे २०२५ मधील 'ऑपरेशन सिंदूर'नंतर सरसेनाध्यक्ष जनरल अनिल चौहान यांनी आपली काही विमाने पडल्याचे सिंगापूर येथे मान्य केले. कोणती व किती, हे त्यांनी सांगितले नाही. ती का पडली हे शोधून डावपेचांतील चूक सुधारली आणि आपली विमाने पुन्हा दूरवर मारा करण्यास उडाली, यावर त्यांनी भर दिला. राफेल असो वा दुसरे कोणतेही विमान, ते अजिंक्य आहे असे जो सांगतो त्याच्यापासून आपण चार हात दूर राहावे. चूक शोधून सुधारावयास मिळालेले ते थोडे दिवस कोणत्याही कारखान्याच्या माहितीपत्रात छापलेले नसतात.

नौदलाची गोष्ट सांगितल्यावाचून हा विषय पुरा होत नाही, कारण त्यांनीही लेहचाच कित्ता समुद्रावर गिरविला. फ्रान्सच्या विमानवाहू नौकेवरून राफेल झेप घेते ती वाफेच्या गोफणीने फेकले जाऊन. आपल्या 'विक्रांत' व 'विक्रमादित्य' या नौकांवर तशी गोफण नाही. तेथे पुढचे टोक उतारासारखे वर वळविलेले आहे आणि विमानाने स्वतःच्या जोरावर त्यावरून उडी घ्यावयाची असते. म्हणून जानेवारी २०२२ मध्ये गोव्यातील 'हंसा' या नौदल तळावर, जमिनीवरच बांधलेल्या तशा चढावरून, राफेलच्या नाविक आवृत्तीने उड्डाणे करून दाखविली. पुढे एप्रिल २०२५ मध्ये २६ विमानांचा करार झाला : २२ एका आसनाची, ४ दोन आसनांची. नौकेच्या पोटातील निवाऱ्यात उतरविण्याचा प्रश्न मात्र वेगळा आहे. या विमानाचे पंख मिटत नाहीत. पंखांची रुंदी १०.९ मीटर. कपाट आणण्यापूर्वी जिन्याची रुंदी मोजणाऱ्या गृहिणीस या अडचणीचे स्वरूप चटकन उमगेल. दोन आसनांच्या त्या चार विमानांपुरता हा प्रश्न उद्भवत नाही. ती नौकेवरून उडण्याजोगी बनविलेलीच नाहीत, आणि त्यांचे काम किनाऱ्यावरील तळावरूनच, नव्या वैमानिकांना शिकविण्याचे राहणार आहे.