प्रतिद्रव्य पकडायला जायचं तर

प्रतिद्रव्य म्हटलं की आम्हा कवींना लगेच आरशातलं जग आठवतं. मी मराठी घेऊन बी.ए. झालेला माणूस, माझंही तसंच. पण माझी भाची भौतिकशास्त्रात एम.एस्सी. करते आहे, तिला याच विषयात पीएच.डी. करायची आहे, आणि तिची अम्मी मला विचारते, “पोरगी तिथं जाऊन नक्की करणार काय?” प्रश्न रास्त आहे.

प्रत्येक कणाला उलट विद्युतभाराचा जुळा असला पाहिजे, हे पॉल डिरॅक यांच्या १९२८ च्या समीकरणातून निघालं. १९३२ मध्ये कार्ल अँडरसन यांना इलेक्ट्रॉनचा जुळा, म्हणजे पॉझिट्रॉन, सापडला. तो तसा दुर्मीळ नाही. केळ्यातल्या पोटॅशियममधूनही अधूनमधून निघतो, आणि कर्करोगाच्या रुग्णांचं पेट स्कॅन त्याच्यावरच चालतं. अडचण एवढीच, की कण आणि प्रतिकण भेटले की दोघंही नाहीसे होतात, उरते ती ऊर्जा. मग प्रतिद्रव्य ठेवायचं कशात? भांडं तर द्रव्याचंच!

पीएच.डी.चं काम सुरू होतं ते इथून. जिनिव्हाजवळच्या सर्न प्रयोगशाळेत इरिडियमवर प्रोटॉनांचा मारा करून प्रतिप्रोटॉन मिळवतात आणि त्यांचा वेग उतरवत नेतात. इतके संथ प्रतिप्रोटॉन जगात दुसरीकडे मिळत नाहीत. त्यांना पॉझिट्रॉन जोडला की झाला प्रतिहायड्रोजन. तो निर्वात पोकळीत, चुंबकांच्या अदृश्य वाटीत अधांतरी ठेवायचा. वाटी इतकी उथळ, की निरपेक्ष शून्याच्या वर अर्ध्या अंशापेक्षा अणू गरम असला तर निसटलाच. ‘अल्फा’ गटानं २०१० मध्ये असे ३८ अणू पकडले. पुढच्या वर्षी सोळा मिनिटांहून जास्त वेळ टिकवून दाखवले. विद्यार्थ्याच्या वाट्याला येतात ते पंप, गळती शोधणं, लेसर जुळवणं, द्रवरूप हेलियम आणि रात्रपाळ्या. नुसती फळ्यावरची समीकरणं आवडणाऱ्यानं दुसरी वाट धरलेली बरी.

याच गटानं २०२३ मध्ये दाखवलं, की प्रतिहायड्रोजन खालीच पडतो, वर जात नाही. बहुतेकांची अपेक्षा तीच होती. पण अपेक्षा वेगळी आणि डोळ्यांनी पाहणं वेगळं. विश्वाच्या आरंभी द्रव्य आणि प्रतिद्रव्य सारखंच निर्माण झालं असावं, मग प्रतिद्रव्य गेलं कुठे, याचं उत्तर अजून कुणाकडे नाही.

आता प्रवेशाचं. सर्न पदवी देत नाही, पदवी विद्यापीठाची. भारत २०१७ पासून सर्नचा सहयोगी सदस्य आहे, पण सर्नची स्वतःची डॉक्टरेट-योजना उपयोजित भौतिकी, अभियांत्रिकी आणि संगणकासाठी आहे. प्रतिद्रव्यावर प्रत्यक्ष प्रयोग करायचे तर त्या गटांतल्या विद्यापीठांकडेच जावं लागतं: डेन्मार्कमधलं आर्हुस, वेल्समधलं स्वान्झी, कॅनडातलं कॅलगरी. डेन्मार्कमध्ये पीएच.डी.चा विद्यार्थी पगारी नोकर असतो. ब्रिटनमध्ये परदेशी विद्यार्थ्याचं शुल्क कोण भरणार, हे आधी विचारावं. अम्मीलोकांच्या दृष्टीनं हा मुद्दा गुरुत्वाकर्षणाहून जड!

आणखी एक गोष्ट कुणी आपणहून सांगत नाही. यंत्रं मोठ्या दुरुस्तीसाठी बंद होतात. २०१८ च्या अखेरीस थांबलेला प्रतिप्रोटॉनांचा झोत २०२१ मध्ये पुन्हा आला. साडेतीन-चार वर्षांच्या पीएच.डी.त अशी विश्रांती आली तर हाती नवी मोजमापं उरत नाहीत, फक्त उपकरण बांधणी. तीही शिकण्यासारखीच, पण मार्गदर्शकाला पहिल्याच पत्रात विचारावं: माझ्या काळात झोत किती महिने असेल?

प्रतिप्रोटॉन सर्नबाहेर नेता आले तर ही अडचण थोडी हलकी होईल. ‘बेस’ गटानं २०२४ मध्ये रंगीत तालीम म्हणून ७० साधे प्रोटॉन ट्रकमध्ये घालून सर्नच्या आवारात फिरवून आणले. प्रतिप्रोटॉन न्यायचे आहेत जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला. तिथल्या विद्यापीठाला हाइनरिश हाइने या कवीचं नाव आहे, हे मी भाचीला दोनदा सांगितलं.