माझ्या हातचे पहिले मोजे

मार्गशीर्ष महिन्यात मला बहीण झाली. ती फार लहान आहे. आमच्या निफाड तालुक्यात थंडी लई पडते. नर्सबाई घरी आल्या तेव्हा म्हणाल्या, "बाळाचे डोके आणि पाय झाकून ठेवा. कमी वजनाची बाळं लवकर गार पडतात." टोपडे होते, पण मोजे नव्हते. आठवडेबाजाराला अजून चार दिवस होते.

आजी म्हणाली, "मी सांगते, तू विण. मला आता टाके दिसत न्हाईत."

घरात लोकर नव्हती. घोंगडी टोचते. मग आजीने पेटीतून आजोबांचा मफलर काढला. तो तिनेच विणला होता. आजोबा मागच्या वर्षी वारले. आजी थोडा वेळ मफलर मांडीवर घेऊन बसली. मग म्हणाली, "उसव."

उसवलेली लोकर कुरळी असते. ती खुर्चीच्या पाठीला गुंडाळून लडी केली व चार ठिकाणी दोऱ्याने बांधली. कोमट पाण्यात भिजवून वाळत घातली आणि खाली तांब्या अडकवला. त्याच्या वजनाने लोकर सरळ होते. पाणी कढत नको, लोकर आटते. वाळल्यावर गोळा केला.

आता कृती सांगतो. दहा नंबरच्या दोन सुया घ्याव्या. ३२ टाके घालावे. २ सुलट, २ उलट असे विणत जावे. सुलट टाक्याला धागा मागे व उलट टाक्याला पुढे ठेवावा. धागा चुकला तर टाका वाढतो. म्हणून ओळ संपली की टाके मोजावे. माझे एकदा ३५ झाले होते! या विणीचा मोजा रबरासारखा ताणतो, म्हणून वेगळी टाच करावी लागत नाही.

पट्टीने १३ सें.मी. भरले की दोन-दोन टाके एकत्र विणावे. १६ उरतात. एक ओळ साधी विणून परत तसेच करावे. ८ उरतात. दाभणात धागा ओवून त्या आठांतून काढावा, गच्च ओढावा आणि बाजू शिवावी. धाग्याची टोके विणीत लपवावी. आत मोकळी राहिली तर बाळाच्या बोटाला गुंडाळतात.

पहिला मोजा चांगला झाला. दुसरा ओट्यावर बसून विणत होतो, तेव्हा काही मुले हसली, "पोरगा असून विणतोय!" मला राग आला. मी धागा ओढून-ओढून विणू लागलो. टाके तितकेच, पण मोजा अरुंद झाला. आजी म्हणाली, "आरं, सुयांवर कशापायी रागावतोस? घट्ट मोज्यानं तिच्या पायाला वळ पडतील. उसव." मी सगळा उसवला आणि परत विणला.

बाजाराच्या आदल्या दिवशी मोजे झाले. रात्री मी बाळाच्या पायांना हात लावून पाहिला. पाय गरम होते. आजीनेही हात लावला, पण ती काही बोलली नाही.

गुरुजी म्हणाले, लोकर स्वतः गरम नसते. तिच्यात हवा अडकते, म्हणून अंगाची ऊब बाहेर जात नाही.

उरलेल्या लोकरीची मी टोपी करणार आहे. ज्यांना शिकायचे असेल त्यांनी मधल्या सुट्टीत यावे. जे हसले त्यांनीही यावे. सुया दोनच आहेत, म्हणून एकेकाने यावे.

– इयत्ता ४ थी