गेडी, गेता आणि भाताचा चिखल

वैनगंगेच्या खोऱ्यातील भाताच्या मुलखात, भंडारा, मंडला आणि शिवनी यांचे भाग जोडून इंग्रजी अंमलात 1867 साली निर्माण झालेल्या बालाघाट जिल्ह्यात, आषाढ सरता सरता गावच्या वाटांवर असा राबडा होतो की पायातली वहाण हातात घेऊन चालणेच शहाणपणाचे ठरते; आणि नेमक्या याच दिवसांत मुले गेडीवर चढतात. डोक्याहून उंच अशा दोन बांबूंना हात-दीड हातावर बांबूचाच आडवा तुकडा दोरीने करकचून बांधायचा, त्यावर पाऊल ठेवायचे, आणि अंगठा व शेजारचे बोट यांच्या बेचक्यात उभा बांबू घट्ट धरायचा, की चिखल खाली राहतो आणि चालणारा वर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, नारबोदला, ही गेडी गावाच्या शिवेबाहेर टाकण्याचा रिवाज आहे.

भातशेतीच्याच जपानातही मुले अशा बांबूंवर चालत आली आहेत. पण तेथे मोठ्यांनीही लाकडाचा आधार घेतला. शिझुओका येथील टोरो या स्थळी, 1943 साली उजेडात आलेल्या सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीच्या वस्तीत, शेतकऱ्याने खाचरात रुतू नये म्हणून पायांना बांधलेल्या रुंद फळ्या सापडल्या. पुढे नित्याच्या वापरात रूढ झालेली गेता म्हणजे खाली दोन आडवे दात असलेली लाकडी पट्टी. तिला तीन भोके, त्यांतून ओवलेला कापडी बंद, आणि पावसाळ्यासाठी अधिक उंच दातांचा प्रकार निराळा. घराच्या दाराशी ती उतरवायची, हा तेथील दंडक आपल्याकडील कोणत्याही गृहिणीला सांगावा लागणार नाही.

आपल्या खडावांना बंदाऐवजी लाकडी खुंटी असते. चामडे सोवळ्यात वर्ज्य, म्हणून पूजाअर्चा करणाऱ्यांच्या पायी त्या टिकल्या. परंतु खुंटी असो, बंद असो वा गेडीचा बांबू, सारी भिस्त अंगठ्याच्या त्या बेचक्यावरच, आणि या सामान्य अवयवाच्या कर्तबगारीचे मला अपार कौतुक वाटते.

जपानातील गवती सपाता, ज्यांना झोरी म्हणतात, त्यांच्याच घडणीवरून दुसऱ्या महायुद्धानंतर रबरी चपला निघाल्या. आपली हवाई चप्पल त्याच वंशातली. बालाघाटच्या बाजारात ती आज सर्वांच्या पायी आहे, मात्र रोवणीच्या बायांना ती धुऱ्यावरच काढून ठेवावी लागते, कारण बांधीतल्या चिखलात पाऊल रुतले की तिचा पट्टा उपसून येतो. टोरोच्या शेतकऱ्याने फळ्या बांधून ज्या अडचणीवर इलाज केला, त्या अडचणीत त्या अजून अनवाणीच उतरतात.