मैदानालाही कायद्याचे बळ हवे

मुंबई महानगरपालिकेचा कारभार आजही १८८८ च्या कायद्यावर चालतो. त्यातील कलम ६१ मध्ये पालिकेला टाळता न येणारी कामे दिली आहेत: रस्ते, गटारे, पाणीपुरवठा, साफसफाई, प्राथमिक शिक्षण. उद्याने आणि क्रीडांगणे मात्र कलम ६३ मध्ये, म्हणजे पालिकेच्या मर्जीवर सोडलेल्या कामांत मोडतात. राज्यातील इतर महापालिकांना लागू असलेल्या १९४९ च्या कायद्यातही विभागणी अशीच आहे. १९९३ मध्ये लागू झालेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बारावी अनुसूची आणली आणि तिच्या अठरा विषयांत रस्ते व पुलांबरोबर उद्याने आणि क्रीडांगणेही घातली. पण हे विषय पालिकांकडे सोपवता येतील, एवढेच ती अनुसूची सांगते. त्यांची सक्ती करत नाही. परिणामी नळाला पाणी आले नाही तर पालिकेने कर्तव्यात कसूर केली असे आपण म्हणतो, आणि वस्तीत मुलांना खेळायला मैदान नसले तर तिला जाब विचारण्याचे आपल्याला सुचतही नाही. ही दुय्यम वागणूक शहराला महाग पडते आणि ती कायद्यानेच दूर केली पाहिजे.

एक बाग उभी कशी राहते, ते पाहिले म्हणजे या दुय्यमपणाचा अर्थ कळतो. सुरुवात विकास आराखड्यापासून होते. त्यात एखादा भूखंड उद्यानासाठी किंवा खेळाच्या मैदानासाठी राखीव दाखवतात. जमीन खासगी असेल तर ती मोबदला देऊन किंवा हस्तांतरणीय विकास हक्क देऊन ताब्यात घ्यावी लागते. नगररचना कायद्याच्या कलम १२७ नुसार दहा वर्षांत संपादन झाले नाही तर मालक नोटीस देऊ शकतो, आणि त्यानंतरही ठरलेल्या मुदतीत पालिका हलली नाही तर आरक्षणच रद्द होते. म्हणजे नकाशावर हिरवा रंग असला तरी जमीन हातची जाऊ शकते. ताबा मिळाला की उद्यान खात्याचे काम सुरू होते, पण ते एकट्याने पुरे होत नाही. कुंपण आणि पायवाटांची बांधकामे, दिवे, पाणी, पावसाळी निचरा, कचरा उचलणे या प्रत्येकासाठी वेगळे खाते किंवा वेगळा ठेकेदार असतो. बाग सजवण्याला एकदाच पैसे लागतात. माळी, पहारेकरी, पाणी आणि दुरुस्ती यांना दरवर्षी लागतात. जे काम ऐच्छिक मानले जाते, त्याच्या या रोजच्या खर्चालाच आधी कात्री लागते.

वास्तविक उद्यान आणि सार्वजनिक बांधकाम यांच्यात कागदावर दिसते तेवढे अंतर नाही. मलबार हिलवरील फिरोजशहा मेहता उद्यान, म्हणजे लोकांच्या तोंडी असलेले हँगिंग गार्डन, दक्षिण मुंबईला पाणी पुरवणाऱ्या जलाशयाच्या छतावर वसलेले आहे. अलीकडच्या काळात हिंदमाता परिसरात तुंबणाऱ्या पाण्यावर उपाय म्हणून दादरच्या प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि परळच्या सेंट झेवियर्स मैदानाखाली साठवण टाक्या बांधल्या गेल्या. मोठा पाऊस आणि भरती एकाच वेळी आली की पाणी पंपाने तिथे नेऊन ठेवायचे आणि ओहोटी लागल्यावर सोडायचे, अशी ती योजना आहे. मोकळी जमीन राखलेली होती म्हणूनच तिच्याखाली टाक्यांना जागा मिळाली. उलट उदाहरण रस्त्याकडेच्या झाडांचे. झाडाभोवती एक मीटरपर्यंत काँक्रीट नको, असे राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीच्या प्रकरणात बजावले. तरीही रस्ते खाते काँक्रीट ओतत बुंध्यापर्यंत येते, आणि मुळे गुदमरून झाड पावसाळ्यात कोसळले की ते उचलायला उद्यान खात्याला धावावे लागते.

आधी पाणी, रुग्णालये आणि गटारे, मग बागा, असा आक्षेप घेतला जातो. गरीब नगरपालिकांच्या बाबतीत त्यात तथ्य आहे. पण २०२५-२६ चा अर्थसंकल्प ७४ हजार कोटी रुपयांहून मोठा असलेल्या मुंबईला ही सबब शोभत नाही. केंद्राची नियोजनविषयक मार्गदर्शक तत्त्वे माणशी दहा ते बारा चौरस मीटर मोकळी जागा सुचवतात. मुंबईत ती सव्वा चौरस मीटरच्या आसपास सांगितली जाते आणि २०३४ च्या आराखड्याचे उद्दिष्टही चार चौरस मीटरच आहे. शिवाय हा प्रश्न चैनीचा नाही. ज्याच्या संकुलात बाग आणि क्लब आहे त्याला पालिकेच्या मैदानावाचून चालते. दहा बाय दहाच्या खोलीत वाढणाऱ्या मुलाला, गुडघे दुखत असताना रोज फेरी मारायला सांगितलेल्या आजींना आणि घरात निवांत बसायला कोपरा नसलेल्या बाईला दुसरी जागाच नसते.

दुसरा आक्षेप अधिक व्यवहारी आहे: पालिकेला जमत नसेल तर संस्थांना भूखंड दत्तक द्यावेत. काही रहिवासी संघांनी बागा खरोखर चांगल्या राखल्या, हे मान्य केले पाहिजे. परंतु मुंबईत अशा धोरणातून काही सार्वजनिक भूखंडांवर क्लब उभे राहिले आणि सामान्यांना दार बंद झाले. २०१६ मध्ये नवे धोरण मंजूर होताच विरोध झाला, मुख्यमंत्र्यांना त्याला स्थगिती द्यावी लागली आणि दिलेले भूखंड परत घेण्याची वेळ पालिकेवर आली. रहिवाशांचा सहभाग देखरेखीत जरूर असावा, पण ताबा, प्रवेशाचे नियम आणि जबाबदारी पालिकेकडेच राहिली पाहिजे.

म्हणून राज्य विधिमंडळाने दोन्ही कायद्यांत दुरुस्ती करून उद्याने व क्रीडांगणे बंधनकारक कर्तव्यांच्या यादीत आणावीत. निव्वळ दुरुस्तीने गवत उगवणार नाही. देखभालीसाठी वेगळा, वळवता न येणारा निधी आणि प्रत्येक विभाग कार्यालयात सर्व खात्यांच्या कामाला उत्तरदायी असलेला एक अधिकारी यांची जोड तिला लागेल. मात्र कर्तव्य कायद्यात आले की नागरिकाला न्यायालयात आणि नगरसेवकाला सभागृहात हक्काने प्रश्न विचारता येईल. पाणी आणि गटारे यांच्यासाठी आपण हा अधिकार केव्हाच मिळवला आहे. मैदानासाठीही तो मागायला हवा.